देव लपतो कशासाठी?

परंडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाचं ठाणं आहे. कितीतरी घराण्यांचं ते कुलदैवत. चैत्रातल्या यात्रेला येणाऱ्यांमध्ये नवस बोलायला आलेले असतात, तसेच फेडायला आलेलेही. नवसाचा व्यवहार रोखठोक असतो. मूल होऊ दे, जमिनीचा दावा सुटू दे, मग अमुक वाहीन. देवानं आपली बाजू पुरी केली की भक्तानं आपली करायची. देवाकडे खूण मागण्यात इथं कोणाला वावगं वाटत नाही. हाकेला ओ देतो तो जागृत देव, असा साधा हिशेब आहे.

या हिशेबात वाढलेल्या माणसाला ख्रिस्ती धर्मविचारातलं एक उत्तर उलट्या टोकाचं वाटेल. प्रश्न असा: देव सर्वशक्तिमान आहे, प्रत्येक माणसावर त्याचं प्रेम आहे आणि प्रत्येकानं आपल्याला ओळखावं अशी त्याची इच्छा आहे. मग शंकेला जागाच उरणार नाही असा पुरावा तो का देत नाही? आकाशात अक्षरं उमटवणं त्याला काय जड आहे? यावर बऱ्याच ख्रिस्ती विचारवंतांचं म्हणणं असं, की तो मुद्दामच देत नाही. तसा पुरावा दिला तर माणसाचं इच्छास्वातंत्र्य संपेल.

पुराव्याचा आणि स्वातंत्र्याचा संबंध काय? परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक बाकाला टेकून उभा असेल, तर कॉपी न करण्यात मुलाचा प्रामाणिकपणा किती आणि धाक किती, हे कळायला मार्ग नसतो. तो जरा दूर गेला की मुलगा खरा कसा आहे ते दिसतं. देव डोळ्यांसमोर ढळढळीत उभा असता, तर पाप करायची कोणाची छाती झाली असती? आणि पाप न करण्यात मग पुण्य ते काय उरलं असतं? जॉन हिक या ब्रिटिश तत्त्ववेत्त्यानं 1966 साली आलेल्या ‘ईव्हिल अँड द गॉड ऑफ लव्ह’ या ग्रंथात हा विचार नीट मांडला. देवानं माणसाला स्वतःपासून एका अंतरावर ठेवलं आहे, असं तो म्हणतो. हे अंतर मैलांचं नाही, जाणण्याचं आहे. जग असं घडवलं आहे की ते देवाचं म्हणूनही वाचता येतं आणि देवावाचूनही. या मोकळ्या जागेतच माणूस आपल्या पायांनी देवाकडे जाऊ शकतो.

हिकच्या तीनशे वर्षं आधी फ्रान्समधला गणिती ब्लेझ पास्कल याच वळणावर आला होता. त्याची टिपणं त्याच्या मृत्यूनंतर 1670 साली ‘पाँसे’ या नावानं छापली गेली. ज्याला पाहायचं आहे त्याला पुरेल इतका उजेड आणि ज्याला पाहायचं नाही त्याला पुरेल इतका अंधार देवानं ठेवला आहे, असा त्याचा आशय. पास्कलच्या लेखी दोष पुराव्याच्या प्रमाणात नव्हता, पाहणाऱ्याच्या मनात होता.

शुभवर्तमानांत या विचाराला आधार सापडतो. अरण्यातल्या परीक्षेच्या वेळी सैतान येशूला मंदिराच्या कड्यावरून उडी टाकायला सांगतो. देवदूत झेलतील आणि सगळ्या यरुशलेमेला कळेल, अशी ती योजना. येशू नकार देतो. परूशी चिन्ह मागतात तेव्हा तो त्यांना योना संदेष्ट्याच्या चिन्हावाचून दुसरं मिळणार नाही असं सांगतो. वधस्तंभाखाली उभे राहून लोक म्हणतात, आता खाली उतर, म्हणजे आम्ही विश्वास ठेवू. तो उतरत नाही. रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीनं 1880 साली पुऱ्या झालेल्या ‘कारामाझोव बंधू’मध्ये या नकारावर एक अख्खं प्रकरण उभं केलं. त्यातला म्हातारा धर्मन्यायाधीश येशूवर आरोपच ठेवतो, की तू लोकांना चमत्काराच्या दोरीनं बांधलं नाहीस, त्यांना मोकळं सोडलंस, आणि ती मोकळीक त्यांना पेलत नाही.

पण त्याच शुभवर्तमानांत आंधळे पाहू लागतात, पाच भाकरींत हजारो जेवतात, चार दिवसांचा मेलेला लाजर कबरेतून बाहेर येतो. शंका घेणाऱ्या थोमाला जखमांचे व्रण दाखवले जातात. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे त्याला ऐकावं लागतं, पण ते व्रण पाहून झाल्यावर. म्हणजे पुरावा देणारा येशू आणि नाकारणारा येशू, दोन्ही एकाच ग्रंथात आहेत. कोणता पुढे करायचा हे पुष्कळदा समोर कोण बसलं आहे यावर ठरत आलं आहे.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे जे मिशनरी आले त्यांनी पहिला येशू पुढे केला. ‘देव लपतो’ असं सांगत ते आलेच नव्हते. इंग्लंडात विल्यम पेलीचं ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवरचं पुस्तक 1794 साली निघालं होतं आणि त्या वळणाचा युक्तिवाद सुशिक्षित पाद्र्यांच्या अंगवळणी पडला होता. ईस्ट इंडिया कंपनीतला स्कॉटिश अधिकारी आणि संस्कृतचा गाढा अभ्यासक जॉन म्यूर यानं 1839 साली संस्कृतमध्ये ‘मतपरीक्षा’ लिहिली. गुरू आणि शिष्य यांचा तो संवाद आहे. खरा धर्म कसा ओळखायचा, तर काही लक्षणं लावून पाहायची, आणि त्यांत धर्मसंस्थापकाच्या चमत्कारांना मोठं स्थान. ख्रिस्ती धर्म या परीक्षेत उतरतो आणि इतर धर्म उतरत नाहीत, असा निकाल.

याला संस्कृतमध्येच तीन उत्तरं आली. पहिलं सोमनाथ या नावानं. मध्य भारतात सिहोरला असलेले मराठी पंडित सुबाजी बापू यांचं ते मानलं जातं. हे जुन्या वळणाला चिकटून बसलेले गृहस्थ नव्हते. कोपर्निकसचं ज्योतिष त्यांनी मराठीत समजावून सांगितलं होतं. दुसरं उत्तर बंगालमधून हरचंद्र तर्कपंचानन यांचं. तिसरं, सर्वांत खोल, काशीत राहणाऱ्या विशीच्या उंबरठ्यावरच्या एका चित्पावन तरुणाचं: नीळकंठ गोऱ्हे, ग्रंथ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’.

चमत्कारांच्या पुराव्याला पंडितांचं उत्तर अपेक्षित तेच होतं. चमत्कारच मोजायचे तर आमची पुराणं भरलेली आहेत. तुमच्या ग्रंथातले खरे आणि आमच्यातले खोटे, हे ठरवणार कोण? नीळकंठांनी याच्या पुढे जाऊन स्वातंत्र्याच्या मुद्द्यालाच हात घातला. तुमच्या मते देवानं जीव नव्यानं निर्माण केले, त्यांना पाप करायची मोकळीक दिली, आणि ते पाप करणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. मग त्या पापाची आणि त्यापुढच्या नरकाची जबाबदारी कोणाची? जन्मतःच दुःख भोगणाऱ्या अर्भकानं आणि मुक्या जनावरानं कोणतं स्वातंत्र्य वापरलं? पूर्वकर्माचा सिद्धान्त याचा काहीतरी हिशेब देतो, तुमचा देत नाही. धर्माच्या गोष्टींत निव्वळ तर्काचं राज्य चालत नाही, आधी श्रद्धा लागते, हेही ते सांगत होते.

पुढचं आणखी मोठं आहे. ख्रिस्ती धर्माचं खंडन करणारा हा तरुण काशीतल्या मिशनऱ्याशी वाद घालत राहिला, बायबल वाचत राहिला, आणि 1848 साली त्यानं बाप्तिस्मा घेतला. नीळकंठाचा नेहेम्या झाला. त्यानंतर याच गोऱ्ह्यांनी षड्दर्शनांचं खंडन करणारा ग्रंथ लिहिला. पण शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. 1895 साली मुंबईत मृत्यू येईपर्यंत ते स्वतःशी झगडत होते, असं त्यांच्या चरित्रावरून दिसतं. बुद्धीनं इतका काटेकोर, मनानं इतका प्रामाणिक माणूस. सक्तीच्या पुराव्यानं त्याचं स्वातंत्र्य हिरावलं गेलं असतं, असं म्हणणं जिभेवर येत नाही. शंकेनंच त्याला आयुष्यभर मोकळं श्वास घेऊ दिला नाही.

गोऱ्ह्यांच्या लेखनाचा आणि सहवासाचा परिणाम ज्यांच्यावर झाला त्यांत पंडिता रमाबाई होत्या. पुरावा आणि श्रद्धा यांचं नातं समजून घ्यायला त्यांच्या आयुष्याइतका चांगला धडा नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. सगळं कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडत असे. शास्त्रांत फळ सांगितलेली व्रतं त्यांनी केली, होतं नव्हतं ते देवाब्राह्मणांना दिलं. दुष्काळ आला तेव्हा देवाच्या ओ देण्याची वाट पाहत ही माणसं उपाशी राहिली. 1874 च्या सुमाराला आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीण. उरलेली दोन भावंडं पायी हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोचली.

त्या भटकंतीतली एक हकीकत रमाबाईंनी 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत सांगितली आहे. हिमालयातल्या एका पवित्र तळ्यात सात तरंगते डोंगर आहेत, निष्पाप यात्रेकरू काठावर उभा राहिला तर ते त्याच्याकडे सरकत येतात, असं त्यांनी ऐकलं होतं. ही भावंडं तिथं गेली. पाण्यात मगरी आहेत, पोहू नका, असं पुजाऱ्यांनी बजावलं होतं. पहाटे कोणी नसताना भाऊ पाण्यात उतरला आणि पोहत जवळ गेला. ते डोंगर म्हणजे तराफ्यावर थापलेली माती आणि दगड, वर लावलेली झाडं. मागे दडून ढकलणारा माणूस असला, की दक्षिणा देणाऱ्याकडे डोंगर सरकत.

ही गोष्ट मिशनऱ्यांनी मूर्तिपूजेविरुद्ध वापरली असेल. ती त्याहून मोठी आहे. खूण मागणाऱ्याला खूण पुरवणारे नेहमी भेटतात, हा तिचा पहिला अर्थ. दुसरा अर्थ त्या पोहत गेलेल्या तरुणाचा आहे. पुरावा तपासण्याचं स्वातंत्र्य त्यानं स्वतः घेतलं. मगरींची भीती घालणारे त्याच्याआड होते. ‘फार पुरावा दिला तर स्वातंत्र्य जाईल’ या तत्त्वज्ञांच्या काळजीपेक्षा ‘तपासू दिलं नाही तर स्वातंत्र्य जाईल’ ही काळजी जमिनीवरची आहे.

रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि इतरांशी त्यांचा पत्रव्यवहार म्हणजे भांडणच होतं. त्रैक्याचा सिद्धान्त, येशूचं देवत्व, चर्चच्या सत्तेची हद्द, कशालाच त्या नुसत्या सांगण्यावरून मान डोलवायला तयार नव्हत्या. पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलं ते दुसऱ्यांचं घ्यायला नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे त्यांनी लिहिलं, की बाप्तिस्मा घेताना ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षं लागली. म्हणजे बुद्धीची खात्री एका वर्षी, अंतरीची दुसऱ्या वर्षी.

हा फरक ध्यानात घेतला की लपलेल्या देवाच्या युक्तिवादातलं सगळ्यात कच्चं जोडकाम दिसतं. देव आहे हे कळणं आणि देवावर भरवसा टाकणं, या दोन गोष्टी त्यात एकाच दावणीला बांधल्या आहेत. बायबलच त्या सोडवतं. याकोबाच्या पत्रात म्हटलं आहे की भुतंही देव एकच आहे हे मानतात आणि थरथर कापतात. तांबडा समुद्र दुभंगताना पाहिलेले इस्राएली काही महिन्यांत सोन्याचं वासरू करून त्याच्यापुढे नाचतात. परंपरेप्रमाणे सैतान देवाच्या समोरच होता, तरी बंड करून उठला. मग पुराव्यानं स्वातंत्र्य कसं संपतं? आणि उलट बाजूनं पाहा: दिमिष्काच्या वाटेवर शौलाला डोळे दिपवणारा उजेड दिसला, आवाज ऐकू आला. याहून ठळक पुरावा दुसरा नाही. त्या शौलाचा पौल झाला, त्याची श्रद्धा जबरदस्तीची होती असं कोणतंही चर्च म्हणत नाही. पौलाला चाललं ते बाकीच्यांना का चालू नये?

सिगारेटनं कर्करोग होतो हे पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं आणि पाकीट खपतं. ज्ञान झालं म्हणून इच्छा बांधली जात नाही, हे रोजच्या अनुभवाचं आहे. धाकाचा मुद्दा थोडासा उरतो: शिक्षा तत्काळ आणि खात्रीची असेल तर मोकळीक आवळते. पण देवानं आपण आहोत एवढंच सांगावं आणि शिक्षेचा दांडका उगारू नये, यात अडचण काही नाही.

कॅनडातला तत्त्ववेत्ता जे. एल. शेलेनबर्ग यानं 1993 साली हा प्रश्न पुरता उलटवला. देवाचं प्रेम परिपूर्ण असेल, तर त्याच्याशी नातं जोडायला तयार असलेल्या कोणालाही तो केवळ पुराव्याअभावी बाहेर ठेवणार नाही. पण असे लोक आहेत: मनात वैर नाही, आढ्यता नाही, शोध प्रामाणिक आहे, तरी विश्वास बसत नाही. तेव्हा असा देव नसावा, हे त्याचं अनुमान. पास्कलनं सगळा दोष पाहणाऱ्याच्या मनावर टाकला होता. शेलेनबर्ग विचारतो, ज्याच्या मनात दोष नाही त्याचं काय?

याच्या शेजारी भूगोलाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो सोनारीतून फार स्पष्ट दिसतो. 1616 साली गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठी भाषेचं मुक्तकंठानं कौतुक. त्याआधी थोडीच वर्षं, अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर, मलिक अंबरनं निजामशाहीची गादी परंड्याला मांडली होती. त्या परंड्याच्या मुलखात, सोनारीच्या शिवारात जोंधळा पेरणाऱ्या कुणब्याच्या कानावर येशूचं नाव पडण्याचा संभवच नव्हता. त्याची भाषा तीच, काळ तोच, आणि गोव्यातल्या साष्टीतल्या माणसाला ओव्या ऐकायला मिळत होत्या. देवानं पुरावा आवरता घेतला तो स्वातंत्र्यासाठी, असं मानलं तर सोनारीच्या कुणब्याला साष्टीच्या शेतकऱ्यापेक्षा अधिक स्वातंत्र्य का बरं दिलं? ज्याच्यापुढे निवड आलीच नाही त्याला निवडीचं स्वातंत्र्य आहे असं कोण म्हणेल?

साष्टीतल्या शेतकऱ्याचं स्वातंत्र्य तरी कुठे शाबूत होतं? गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशनचं न्यायालय बसलेलं होतं. देव माणसाच्या मनावर जबरदस्ती करत नाही, हे तत्त्व ज्या धर्मानं सांगितलं, त्याच धर्माच्या नावानं माणसं ती करत होती.

पुराव्यानं माणूस बांधला जात नाही हे मराठी मुलखाला बाहेरून शिकावं लागलं नाही. सोनारीच्याच जिल्ह्यात तेर आहे, गोरोबाकाका कुंभारांचं गाव. तिथली कथा सर्वांना माहीत आहे. संत जमलेले असताना मुक्ताबाईनं गोरोबांना विचारलं, यातली पक्की मडकी कोणती? गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे निमूट बसले, नामदेव चिडले. गोरोबांनी निवाडा दिला: हे मडकं कच्चं. नामदेव कोण? ज्यांच्या हातचं विठोबा जेवला, ज्यांच्याशी तो बोलला, खेळला. देव आहे याचा याहून थेट पुरावा कोणाला मिळेल? आणि नेमकं त्यांचंच मडकं कच्चं निघालं. पुढे विठोबानंच त्यांना गुरू करायला विसोबा खेचरांकडे धाडलं. देव रोज दिसत होता म्हणून अहंकार गेला नव्हता. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिच्यातला निष्कर्ष पक्का आहे: दर्शनानं माणूस आपोआप बदलत नाही, म्हणून दर्शन देण्यानं त्याचं काही हिरावलंही जात नाही. नामदेवांना रागवायचं, रुसायचं स्वातंत्र्य पुरतं शिल्लक होतं.

मग श्रद्धेच्या बाबतीत माणसाचं स्वातंत्र्य खरोखर कशानं जातं? याचं उत्तर मुंबईच्या कोर्टाच्या इतिहासात सापडतं. 1839 साली मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला. शहरात हलकल्लोळ झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं धनजीभाईला कुठे राहायचं ते स्वतः ठरवू दिलं आणि तो विल्सनकडे परतला. चार वर्षांनी, 1843 साली, नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. पुढे त्यांनी निजामाच्या हद्दीत, जालन्याजवळ, मोठं मिशनकार्य उभारलं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. बाप कोर्टात गेला. कोर्टानं मूल बापाच्या हवाली केलं, कारण या वयाच्या निवडीला निवड म्हणता येत नाही. सुधारक बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावं म्हणून खटपट केली आणि सनातनी त्यांच्यावर तुटून पडले.

या दोन खटल्यांत देवाच्या असण्या-नसण्याचा पुरावा कोणीच तपासला नाही. तपासलं ते एवढंच: हे मन ठरवण्याइतकं मोठं आहे का आणि त्याच्यावर कोणाचा दाब आहे का? पुढे 1850 च्या एकविसाव्या कायद्यानं धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असं ठरलं. भाकरीचा आणि जमिनीचा दाब त्यामुळे कमी झाला. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य पहिल्यानं येतं, धर्म पाळण्याचं आणि प्रचाराचं त्यानंतर. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली दिला. त्या निकालावर मतभेद आहेत, पण त्यातलीही काळजी माणसानं माणसावर आणलेल्या दाबाचीच आहे.

लपलेल्या देवाचा युक्तिवाद यामुळे अगदीच टाकाऊ ठरतो असं नाही. भरवसा हा हिशेबाच्या पावतीवर उभा राहत नाही, एवढं त्यात खरं आहे; रमाबाईंची ती आठ वर्षं त्याचीच साक्ष देतात. पण देव गप्प का, या प्रश्नाचं उत्तर ‘तुमच्या स्वातंत्र्यासाठी’ असं देणाऱ्याला आणखी दोन प्रश्नांना तोंड द्यावं लागतं: पौलाचं स्वातंत्र्य का गेलं नाही, आणि सोनारीच्या कुणब्याला ते मिळालं केव्हा? या दोन्हींचं समाधानकारक उत्तर हिककडे नाही, पास्कलकडेही नाही. श्रद्धावंतानं इथं देवाचं गूढ म्हणून थांबावं आणि नास्तिकानं शेलेनबर्गच्या अनुमानाकडे जावं, दोघांनाही वाट मोकळी आहे. मात्र देवाच्या मौनाला स्वातंत्र्याचा रखवालदार म्हणून नेमण्याआधी जात, चर्च, पुजारी, सरकार आणि घरातले वडीलधारे माणसाला त्या तळ्यात पोहू देतात का, हे पाहायला हवं.